येथे म्हातारी थांबते

"आणि ही गाठ?"

प्रोफेसर हर्डीकरांनी दातांतली सुतळी सोडली आणि दोन्ही हात पुढे धरले. दहा बोटांमध्ये ताणलेल्या सुतळीत एक होडी दिसत होती. निमुळती, दोन्ही टोकं वर उचललेली. होडीच्या बरोबर मध्ये मुगाएवढी गाठ होती.

"ती असतेच," ते म्हणाले.

"असतेच?"

"या आकृतीत असते. पुस्तकात तसं दिलेलं आहे."

"कुणाच्या पुस्तकात?"

"माझ्या."

समोर बसलेल्या म्हाताऱ्या फकिराने मान हलवली. पटल्यासारखी हलवली की नुसतीच, ते कळलं नाही.

"आणि ते दातांत धरणं?"

"तेही पुस्तकात आहे. चौथी पायरी. मधला वेढा दातांत धरावा."

फकिराने तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

"मग आम्ही काय करायचं?"

पायरीवर तांदूळ निवडत बसलेली हलिमाबी हसली. प्रोफेसर हसले नाहीत. सुतळी ओढताना त्यांची कवळी सैल झाली होती, ती ते जिभेने जागेवर बसवत होते.

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे हा लहानसा दर्गा आहे. चार पायऱ्या, एक उंडीचं झाड, झाडाखाली सावली. पायऱ्यांवर बसणाऱ्या या म्हाताऱ्याचं नाव इस्माईल सोलकर. चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होता. डोळे अधू झाले तेव्हा परत आला. गळ्यात कायम सुतळीचा एक फास अडकवलेला असतो, म्हणून गाव त्याला सुतळीबाबा म्हणतं. तुम्हाला फकीर कुणी केलं असं कोणी विचारलं तर बाबा म्हणतात, "पायऱ्यांनी. बसलो तो उठलोच नाही."

प्रोफेसर त्र्यंबक हर्डीकर पुण्याचे. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा अभ्यास केला. ती गोष्ट म्हणजे सुतळीचे आकार.

दोन टोकं बांधलेला एक दोरा. तो दोन्ही हातांच्या बोटांवर चढवायचा, या बोटावरचा त्या बोटावर घ्यायचा, आणि बघता बघता त्यात काहीतरी दिसू लागतं. आपल्याकडे मुली खाट करतात आणि ती एकमेकींच्या हातावर देतात. बर्फाच्या मुलखात अस्वल करतात. बेटांवर कासव आणि चंद्र, वाळवंटात तारे. कुणी कुणाला शिकवलं, सांगता येत नाही. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही अशा लोकांच्या बोटांवर कधी कधी तोच आकार सापडतो.

प्रोफेसरांनी असे चारशे बारा आकार जमवले होते. त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ या विषयातला शेवटचा शब्द मानला जाई. निदान मानला जातो अशी त्यांची समजूत होती. अलीकडे तिच्यावरही त्यांचा फारसा भरवसा राहिला नव्हता.

त्यांच्या पिशवीत एक पत्र होतं. ते आठ महिने पिशवीतच होतं. त्याबद्दल ते अजून काही बोलले नव्हते.

"एकूण किती येतात तुम्हाला?" बाबांनी विचारलं.

"चारशे बारा."

"बापरे."

"तुम्हाला?"

"अकरा."

प्रोफेसरांनी वही उघडली आणि लिहिलं, अकरा.

बाबांनी गळ्यातली सुतळी काढली. ते हातांकडे बघत नव्हते. बोटं आपली आपण चालली. दोन-तीन क्षणांत हातांमध्ये एक उतरतं छप्पर उभं राहिलं.

"झोपडीचं छप्पर," प्रोफेसर लगेच म्हणाले. "आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याच्या चार नोंदी आहेत. पाचवी माझी."

"असेल. मी याला जोसेफ म्हणतो."

"जोसेफ का?"

"त्यानं शिकवला. बंदरात कोळसा भरायचा."

बाबांनी हात झटकले. छप्पर मोडलं. पुन्हा बोटं चालली. आता दोन डोंगर होते आणि मधून काहीतरी पळत होतं.

"अस्वल. पळणारं अस्वल. उत्तर ध्रुवाकडच्या..."

"ही मार्ता. मासे साफ करायची. थंडीनं हात असे लाल."

"तिनं आकृतीचं नाव काय सांगितलं?"

"काही नाही. तिला बोलता येत नव्हतं. म्हणजे, तिला येत होतं. मला येत नव्हतं."

हलिमाबीने सुपातला एक खडा उचलून दूर फेकला. "पुण्याहून आलात ना, साहेब?"

"हो."

"मग चहा घेणार की आधी तपासणार?"

"नंतर घेईन," प्रोफेसर म्हणाले. त्यांनी पेन्सिलीचं टोक पाहिलं. "आता होडी दाखवा, बाबा."

ते त्यासाठीच आले होते. तालुक्याच्या गावी त्यांचा एक जुना विद्यार्थी राहत होता. त्याने फोनवर सांगितलं होतं, सर, इथे एक खलाशी तुमची होडी करतो. अगदी तीच होडी. फक्त मध्ये गाठ नसते.

त्यानंतर प्रोफेसरांना चार दिवस नीट झोप लागली नव्हती.

"होडी कुणासाठी हवी?" बाबांनी विचारलं.

"ग्रंथासाठी. तिसरी आवृत्ती निघते आहे."

बाबांनी सुतळी परत गळ्यात घातली.

"ग्रंथाला बोटं नसतात."

"म्हणजे?"

बाबा खाडीकडे बघत होते. ओहोटी लागली होती. चिखलात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या.

"आता बसा," हलिमाबी म्हणाली. "ते असे गप्प झाले की माझे तांदूळ निवडून होतात."

प्रोफेसर बसले. त्यांनी वही मिटली, उघडली, परत मिटली. एकदा उठायचंही मनात आणलं. पण बस पाच वाजता होती, आणि आत्ता तीनही वाजले नव्हते.

"एक पत्र आहे," शेवटी ते म्हणाले.

"वाचा की."

त्यांनी पिशवीतून पत्र काढलं. घड्यांवर कागद विरला होता. पत्र दूरच्या समुद्रातल्या एका बेटावरून आलं होतं. तेइना नावाच्या एका शाळामास्तरणीने ते लिहिलं होतं. प्रोफेसर त्याचं मराठी करत करत वाचू लागले.

"'आदरणीय डॉक्टर, एक्केचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या बेटावर आला होता. माझ्या आजीनं तुम्हाला सुतळीची होडी दाखवली होती. पुढच्याच वर्षी आजी गेली. तेव्हा मी दोन वर्षांची होते. तिची होडी इथे कुणालाच येत नव्हती. चार वर्षांपूर्वी मला तुमचं पुस्तक मिळालं. त्यावरून मी शिकले आणि शाळेतल्या मुलांना शिकवलं. आता बेटावरच्या सगळ्या मुलांना होडी येते. ही तुमची कृपा.'"

इथे प्रोफेसर जरा अडखळले. पाणी आहे का, म्हणून त्यांनी विचारलं. हलिमाबीने तांब्या पुढे सरकवला. ते प्यायले आणि पुढे वाचू लागले.

"'होडीच्या मध्ये जी गाठ येते तिला मुलांनी आजीचा खडक असं नाव दिलं आहे. त्यावर गाणंही केलं आहे. होडी निघते, आजीच्या खडकाला अडकते, आजी म्हणते, अजून जाऊ नकोस. आता आम्ही शाळेच्या भिंतीवर ही होडी रंगवतो आहोत. म्हणून एक विचारायचं आहे. माझी आजी ही गाठ कशी सोडवायची? की सोडवायचीच नाही? ती तुम्हाला आजीनं जशी दाखवली तशी मला सांगा. आजीबद्दल सांगू शकेल असं आता तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही सांगाल तशी आम्ही भिंतीवर काढू. तोवर ब्रश धुऊन ठेवले आहेत. आम्ही थांबलो आहोत.'"

प्रोफेसरांनी पत्राची घडी केली.

"कधी आलं?" बाबांनी विचारलं.

"आठ महिने झाले."

"उत्तर?"

"सहा मसुदे केले."

"पाठवलेत किती?"

प्रोफेसर पत्राच्या घडीवरून नख फिरवत राहिले.

"तुम्ही ती पायरी पाहिली नव्हती," बाबा म्हणाले.

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. एक्केचाळीस वर्षांत हे वाक्य कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. प्रोफेसरांनी हलिमाबीकडे चोरून पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं.

"तिसरी पाहिली," ते म्हणाले. "पाचवी पाहिली. चौथी... मी वर पाहिलं तेव्हा तिनं तोंडात काहीतरी धरलं होतं. कुठला वेढा, कसा धरला, ते दिसलं नाही. पुन्हा दाखवा म्हटलं. तिनं पुन्हा दाखवली. पुन्हा तेच झालं. मग बोट सुटायची वेळ... म्हणजे जहाज सुटायची वेळ झाली."

"मग?"

"पुण्याला आलो. महिनाभर खटपट केली. एक दिवस जमली. हुबेहूब तीच होडी."

"गाठ सोडून."

"गाठ सोडून."

"तिच्या होडीला गाठ होती?"

"आठवत नाही. मी चित्र काढत होतो."

"आणि पुस्तकात काय लिहिलंत?"

प्रोफेसरांनी उंडीच्या झाडाकडे पाहिलं. "प्रत्यक्ष पाहून नोंदवली, असं."

"म्हातारीला दात होते?"

"काय?"

"दात, साहेब. दात."

प्रोफेसरांनी डोळे मिटले. त्यांना घर आठवलं, घराचा ओटा आठवला. म्हातारीने डोक्याला बांधलेलं निळं फडकं आठवलं. मग तिचं हसणं.

"पुढचे नव्हते," ते सावकाश म्हणाले.

"मग दातांत काय धरणार ती, कपाळ?" हलिमाबी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती परत तांदळांकडे वळली, पण तिचे हात थांबलेलेच राहिले.

"तिनं ओठांत धरलं असेल," प्रोफेसर म्हणाले. "हिरड्यांत. ते महत्त्वाचं नाही. खरी चौथी पायरी कुठली तेवढं मला कळायला हवं. तुम्हाला ती येते. मला फक्त एकदा दाखवा. मी सगळं नीट करीन."

बाबांनी गळ्यातली सुतळी काढली.

"बघा," ते म्हणाले.

प्रोफेसर सरसावून बसले. एका मांडीवर नवी वही, दुसऱ्या मांडीवर बेटावरची जुनी वही. जुनी वही ताडून बघायला आणली होती, पण कितीतरी वर्षांत ती उघडली नव्हती. तिच्या पुठ्ठ्यावर खाऱ्या पाण्याचे डाग होते.

बाबांनी सुतळी अंगठ्यांवर आणि करंगळ्यांवर घेतली.

पहिली पायरी. प्रोफेसरांनी लिहिली.

बाबांनी तर्जनीने तळहातावरचा दोरा उचलला, या हाताने त्या हातावरचा, त्या हाताने या हातावरचा.

दुसरी. लिहिली. बाजूला छोटं चित्र काढलं.

तिसऱ्या पायरीत दोन वेढे एकमेकांवरून जातात. कुठला वर, कुठला खाली, हे दाखवायला बाण काढावे लागतात. प्रोफेसर बाण फार बारीक काढत. त्याबद्दल त्यांची ख्याती होती. एक बाण चुकला, तो त्यांनी खोडून परत काढला.

त्यांनी वर पाहिलं.

बाबांचे दोन्ही हात पुढे आले होते. अगदी प्रोफेसरांच्या छातीपाशी. दोन तर्जन्यांच्या मध्ये बांगडीएवढा एक वेढा उघडा होता. बाबा सुतळीकडे बघत नव्हते. ते प्रोफेसरांच्या तोंडाकडे बघत होते.

"पुढे?" प्रोफेसरांनी विचारलं.

बाबांचे हात हलले नाहीत.

"विसरलात का?"

"नाही."

प्रोफेसरांनी थोडी वाट पाहिली. मग, निदान एवढी नोंद तरी असावी म्हणून, खाली बघून लिहिलं: चौथी पायरी. येथे कर्ता थांबतो.

त्याखाली त्यांनी एक रेघ ओढली.

बाबांचे हात तसेच होते. डावा हात किंचित खाली आला होता. चिखलावर एक बगळा उतरला, चार पावलं चालला आणि उडाला.

"अहो साहेब," हलिमाबीला राहवलं नाही, "म्हाताऱ्या माणसाचे हात किती वेळ असे टांगून ठेवणार?"

"मी कुठे ठेवलेत? तेच थांबलेत."

हे आपण आधी कुठेतरी म्हटलं आहे असं त्यांना वाटलं. की लिहिलं आहे? त्यांनी जुनी वही उघडली. पानं एकमेकांना चिकटली होती. ती त्यांनी नखाने सोडवली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, पण अक्षर त्यांचंच होतं. बाणही त्यांचेच, बारीक, देखणे.

तिसऱ्या पायरीच्या खाली लिहिलं होतं:

येथे म्हातारी थांबते. बहुधा विसरली असावी. नंतर दात.

आणि आणखी खाली, दुसऱ्या वेळेची नोंद:

पुन्हा तेथेच थांबते. वय झाले आहे.

प्रोफेसरांनी ते दोनदा वाचलं. हे लिहिलं तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. म्हातारी त्या वेळी किती वर्षांची असेल? आज आपण आहोत तेवढीच असेल. कदाचित लहानही.

त्यांनी चष्मा काढला, परत घातला.

मग दोन्ही वह्या मांडीवरून उचलून पायरीवर ठेवल्या. पेन्सिल वहीवर ठेवली. ती घरंगळून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

त्यांनी त्या उघड्या वेढ्याकडे पाहिलं. वेढ्यातून पलीकडे बाबांची पांढरी दाढी दिसत होती. त्यांनी उजवा हात उचलला आणि मध्येच थांबवला.

"कुठलं बोट?" त्यांनी विचारलं.

"कुठलंही."

त्यांनी तर्जनी पुढे केली आणि वेढ्यात घातली.

बाबांनी हात बाजूला घेतले. वेढा प्रोफेसरांच्या बोटाभोवती अलगद मिटला. सुतळी या बोटावरून त्या बोटावर सरकली. होडी उभी राहिली. निमुळती, दोन्ही टोकं वर उचललेली. मध्ये गाठ नव्हती. जिथे गाठ यायची तिथे प्रोफेसरांचं बोट होतं, आणि होडी त्याला बांधलेली होती.

"खुंटा झालात, साहेब," हलिमाबी म्हणाली.

प्रोफेसर आपल्या बोटाकडे बघत राहिले. सुतळीचा ताण फार नव्हता. पण कळत होता.

"आता काढा," बाबा म्हणाले.

"लगेच?"

"तुमची मर्जी."

थोडा वेळ गेला. किती, ते सांगता येत नाही, घड्याळ कुणी पाहिलं नाही. मग त्यांनी बोट काढलं. होडी एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे सरकत गेली आणि नाहीशी झाली. बाबांच्या हातांवर सुतळीचा साधा फास राहिला.

प्रोफेसरांनी तो हातात घेतला. दोन बोटांच्या चिमटीतून सबंध फिरवून पाहिला. टोकं जोडायची तेवढी एक जुनी गाठ. दुसरी नाही.

"म्हणजे ही एकट्यानं करताच येत नाही," ते म्हणाले.

"येते की. गाठ बसते."

"मग तिनं तोंडात धरलं ते..."

"किती थांबणार ती तरी?" बाबा म्हणाले. "हात अवघडतात, साहेब. आत्ता माझे अवघडले. मला तेवढेही दात नाहीत."

हलिमाबीने सूप बाजूला ठेवलं. बाबा मनगटं चोळत होते.

"मीही नव्हतं घातलं बोट," ते म्हणाले. "आमचं इंजिन बिघडलं होतं. सतरा दिवस एका बेटाच्या बंदरात पडून. धक्क्यावर एक बाई शहाळी विकायची. तिनं असेच हात पुढे केले. मला वाटलं, माझी अंगठी काढून घेते की काय. मी मागे सरकलो. ती पुढे सरकली. मी आणखी मागे. सगळे खलाशी हसायला लागले. शेवटी तिनं माझं मनगट धरलं आणि बोट आत घातलं."

"तुम्ही लिहून नाही ठेवलं?"

"हातात जेवणाचा डबा होता."

"ती हीच म्हातारी असेल?"

"कोण जाणे. मी तिला खुंटेवाली म्हणतो."

प्रोफेसरांनी खाली वाकून पेन्सिल उचलली. पत्र काढलं, त्याची पाठची बाजू वर केली आणि गुडघ्यावर ठेवलं. सातवा मसुदा. ते लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणू लागले.

"'नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीनुसार, सदर आकृतीच्या चौथ्या पायरीत...'"

प्रोफेसरांनी ते खोडलं.

"'पूर्वीच्या नोंदीत काही त्रुटी राहून गेल्याचं अलीकडे निदर्शनास आलं आहे...'"

"कुणाच्या निदर्शनास?" हलिमाबीने विचारलं.

प्रोफेसरांनी तेही खोडलं.

खाडीत पाणी परत येऊ लागलं होतं. कलंडलेल्या होड्यांपैकी एक थोडी सरळ झाली.

या वेळी त्यांनी मोठ्याने न म्हणता लिहिलं. हळूहळू लिहिलं. बाण काढतात तसं. मग वाचून दाखवलं.

"'गाठ तुमच्या आजीची नाही. माझी आहे. चौथी पायरी मी पाहिली नव्हती आणि पाहिली असं लिहिलं. ही होडी दोघांनी करायची असते. मध्ये दुसऱ्याचं बोट लागतं.'"

त्यांनी वर पाहिलं.

"हे वाचल्यावर ती माझं पुस्तक फेकून देईल."

"देईल."

"सगळेच देतील."

"चारशे अकरा उरतात," बाबा म्हणाले.

प्रोफेसरांना हसू आलं. ते फार टिकलं नाही.

"आणि मुलांचं गाणं? आजीच्या खडकाचं? चार वर्षं गातायत ती. ते मी मोडायचं?"

"गाणं त्यांचं आहे. त्यांचं ते बघतील."

"भिंत?"

"भिंतही त्यांचीच."

प्रोफेसरांनी मान हलवली. त्यांनी पत्राची घडी करायला घेतली. पहिली घडी केली, दुसरी केली. मग हात थांबले. अजून काही राहिलं आहे असं त्यांना वाटत होतं. ते त्यांना नेहमीच वाटे, पण या वेळी त्यांनी विचारलं.

"एवढंच पाठवू?"

बाबांनी सुतळी गळ्यात घातली. दाढी फासातून बाहेर काढली.

"हे सगळं तुमचं झालं," ते म्हणाले. "तिनं आजीचं विचारलं आहे."

"आजीचं काय लिहू?"

"लिहा, ती थांबली होती."